आठाची घंटा

मी घर सोडलं तो रविवार होता आणि आप्पा मला सोडायला स्टँडवर आले नाहीत. येणारच नव्हते. नगरची गाडी आठाला होती आणि आठाची घंटा आप्पांची होती.

ज्यांना आमचं गाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सोनईच्या अलीकडे पाच-सहा किलोमीटरवर, चारी बाजूंनी ऊस आणि मध्ये मिशनच्या काळातलं दगडी चर्च. चर्चच्या पडवीत एक जाड दोर लोंबतो, वर घंटा. रविवारी आठाला पहिली घंटा, एकवीस टोले. म्हणजे उठा, आवरा, पोरांच्या अंघोळी उरका. नवाला दुसरी, अकरा टोले. म्हणजे या आता. आप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होते, ती पोटाची नोकरी. घंटा त्यांच्या वडिलांकडून आलेली, तिला पगार नव्हता आणि सुट्टीही नव्हती. गावात ख्रिस्ती घरं पस्तीस-चाळीस, पण घंटा सगळ्या गावाची होती. पलीकडच्या वस्तीवरची माणसं पहिल्या घंटेला विहिरीवरची मोटर बंद करायची.

स्टँडवर आई आली होती. तिने बॅगेत बाजरीच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि गीतांचं जुनं पुस्तक कोंबलं होतं. पुण्याच्या एका क्रीडा वसतिगृहात माझी कबड्डीसाठी निवड झाली होती, सोमवारी सकाळी हजर व्हायचं होतं. घरातून निघताना आप्पा माझ्या नव्या बुटांकडे बघत एवढंच म्हणाले, "जा. खेळ. पन रविवार सोडू नको." पंधराव्या वर्षी काय कळतं, मी मान हलवली. एरवी कधी वेळेवर न येणारी गाडी त्या दिवशी नेमकी वेळेवर आली. ती सुटली आणि घंटा सुरू झाली. मी खिडकीला डोकं लावून टोले मोजत होतो. चौदाव्याला गाडी उसाच्या कोपऱ्यावर वळली आणि पुढचे सात इंजिनाच्या घरघरीत गेले.

हे लिहितोय ते तुमच्यासाठी, जे गावात राहिलात. आणि तुमच्यासाठीही, जे माझ्यासारखे बाहेर पडून कुठे कुठे रुजलात किंवा रुजल्यासारखं दाखवता. मला कुणाला धीर द्यायचा नाही. धीर देणं हे माझं रोजचं काम आहे, आज त्याचा खाडा. आज मला चिडायचं आहे, आणि सर्वांत जास्त स्वतःवरच.

तर रविवार. ज्यांनी स्पर्धा खेळल्या आहेत त्यांना माहीत आहे की अंतिम सामना रविवारी असतो. लोकांना सुट्टी, पाहुण्यांना सुट्टी, पुढाऱ्यांना सुट्टी. पुण्यात गेल्यावर पहिल्याच महिन्यात मी रविवार सोडला आणि पुढे सतरा वर्षं सोडत राहिलो. जिल्हा, राज्य, मग स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी, मग टीव्हीवर दिसणारी ती मोठी लीग, दक्षिणेतला संघ, कॅम्प, फिजिओ, डाएट, कॉन्ट्रॅक्ट. मी चढाई करणारा. दम घुमवत समोरच्या सात जणांच्या अंगणात जायचं, एकाला शिवायचं आणि दम न सोडता परत यायचं. मध्ये श्वास घेतला की बाद. या एका गोष्टीवर मी घर बांधलं, बहिणीचं लग्न केलं. चढाईआधी मी क्षणभर डोळे मिटायचो, म्हणून संघातली पोरं मला 'पाद्री' म्हणायची.

आप्पांनी माझा एकही सामना मैदानावर बसून पाहिला नाही. कारण विचारू नका, कारण दोराला लोंबत होतं. टीव्हीवर तर बघितले असतील, असं लोक म्हणतात. लीगचे सामने संध्याकाळी असत, आई शेजाऱ्यांना जमवून बघायची आणि आप्पा उठून अंगणात जाऊन बसायचे. "सात जन येकावर पडत्यात, त्ये काय बघायचं?" आई मला फोनवर सांगायची आणि हसायची. मलाही हसू यायचं. पण सामना संपला, कॅमेरे गेले, बर्फाच्या पिशव्या गुडघ्याला बांधून बसलो की वाटायचं, ज्याने हे बघायला हवं होतं तो अंगणात पाठ करून बसला आहे.

गुडघा तिसऱ्या मोसमात गेला. लिगामेंट. हैदराबादला ऑपरेशन झालं आणि पुढच्या वर्षीच्या लिलावात माझं नाव पुकारलं तेव्हा एकाही संघाने पाटी उचलली नाही. ते टीव्हीवर दाखवतात हे एक वाईटच आहे. गावात जे फटाके वाजवायला जमले होते ते फटाके घेऊन घरी गेले.

त्यानंतरचा भाग लोकांना फार रंगवून हवा असतो आणि तिथेच माझं डोकं फिरतं. कुठल्याही संमेलनात मला बोलावतात ते 'माजी खेळाडू पास्टर' म्हणून, आणि साक्ष द्या म्हणतात, म्हणजे देव कसा भेटला ते सांगा. मी सांगतो ते त्यांना पुरत नाही. एका संयोजकाने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "पास्टर, थोडी दारू घालता येईल का? म्हणजे पूर्वी पीत होतो वगैरे. मंडळीला बरं वाटतं." मी दारू प्यायलो नाही. मला प्रकाश दिसला नाही, आवाज ऐकू आला नाही. सतरा वर्षांत पहिल्यांदा एक रविवार असा आला की सामना नव्हता, सराव नव्हता, काठी घेऊन चालता येत होतं. खोलीच्या खालच्या गल्लीत एक चर्च होतं. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. उपासना तेलुगूत, एक शब्द कळत नव्हता, पण एका गीताची चाल ओळखीची निघाली आणि मी मराठी शब्द पुटपुटलो. पुढच्या रविवारी परत गेलो. एवढंच झालं. रडलो, ते मात्र खरं आहे. मला देवाने ओढून नेलं नाही, मी लंगडत गेलो. बत्तिसाव्या वर्षी पास्टर होण्यासाठी सेमिनरीत नाव घातलं तेव्हा आप्पा फोनवर एवढंच म्हणाले, "मंजे आता रविवार तुजाबी गेला." मला ते तेव्हा कळलं नाही.

कळलं ते पहिली नेमणूक झाल्यावर. आमच्या मंडळ्यांमध्ये रिवाज आहे की पाळकाला, म्हणजे पास्टरला, स्वतःचं गाव द्यायचं नाही. भाऊबंदकी, रुसवेफुगवे, सगळ्यांना माहीत आहे तुम्ही लहानपणी कुणाच्या बोरी झोडल्या. रिवाज बरोबरच आहे. पण त्याचा अर्थ असा झाला, की रविवारी मी माझ्या मंडळीपुढे उभा आणि आप्पा गावात दोराला उभे. सामने बघता आले नाहीत रविवारमुळे, आता उपदेश ऐकता येत नाही तोही रविवारमुळेच. मला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, की त्या माणसाने एकदा, फक्त एकदा, मी काय करतो ते समोर बसून बघावं, ऐकावं. त्यांचं वय चौऱ्याहत्तर. किती रविवार उरले आहेत ते कोण सांगणार?

गेली सहा वर्षं मी वापीत आहे. कारखान्यांचं गाव, हवेला औषधाच्या दुकानासारखा वास. माझ्या मंडळीतले निम्मे लोक नगरचेच आहेत, कुणी श्रीरामपूरचे, कुणी राहुरीचे, केमिकल कंपन्यांमध्ये शिफ्टवर. नगरचं आता अहिल्यानगर झालं, एसटीवरची पाटी बदलली, पण आमच्या उपासनेनंतर चहा पिताना सगळे 'नगरला कधी जाणार' असंच विचारतात. आमची मंडळी एका शाळेच्या दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये भरते. घंटा नाही. शनिवारी व्हॉट्सअॅपवर मेसेज जातो आणि त्याला हात जोडलेली चित्रं परत येतात. माझी मुलगी मराठी बोलताना 'चालेल'ऐवजी गुजराती 'चालशे' म्हणते आणि तिच्या आजीला ते फार गोड वाटतं.

केडगावच्या सुमनमावशी आमच्या मंडळीत सर्वांत वयस्कर. सूनबाईच्या नोकरीपायी वापीला आल्या आणि अजून पुण्याच्या रस्त्यावरच्या आपल्या घराच्या किल्ल्या कमरेला लावून फिरतात. एकदा उपासनेनंतर त्यांनी मला थांबवलं. "पास्टर, रागावू नका. तुमी बोलायला लागले की मलाच गुदमरायला व्हतं." मी विचारलं, का? त्या म्हणाल्या, "तुमी श्वासच घेत न्हाई ना मधी." मी हसून सोडून दिलं. पाठीमागे शीलाने, माझ्या बायकोने, गंभीरपणे मान डोलावली, ते मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

गावाने मला बोलावलं नाही असं नाही. बोलावतात, जत्रेतल्या कबड्डीच्या बक्षिसांसाठी. एकदा मात्र कापणीच्या सणाला उपदेशासाठी बोलावणं आलं. आमच्याकडे सणाला जो तो आपल्या पिकातलं आणतो, ज्वारीची कणसं, ऊस, भोपळे, कुणी कोंबडी, आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. मी वापीत बदली पाळक शोधला, तीन गाड्या बदलून आलो, चार दिवस तयारी केली होती. चर्चच्या पंचकमिटीचे सेक्रेटरी दानीएलनाना यांनी आधी शाल घातली, मग नारळ दिला, मग माझे सामने सांगितले, काही माझे नसलेलेही सांगितले. मग कुणीतरी म्हणालं, पास्टरनी ती बोनसवाली उडी दाखवावी. माझा गुडघा, माझा झगा, मागे वधस्तंभ. मी नाही म्हणालो तर लोक हिरमुसले. शेवटी उपदेशाला दहा मिनिटं उरली. आणि त्या दहा मिनिटांत आप्पा कुठे होते? बाहेर, भोपळ्यांच्या ढिगात शेळ्या शिरत होत्या त्या हाकलत.

खेळत होतो तेव्हा पाद्री, पाद्री झालो तर खेळाडू. एका ठिकाणी तरी मला मी आहे तो म्हणा. हे मी त्या दिवशी परतीच्या गाडीत शीलाला इतक्या मोठ्याने म्हणालो की पुढच्या सीटवरचा माणूस मागे वळला.

आणि मग मी ती चूक केली.

वापीत प्रत्येक कारखान्याला भोंगा असतो, टायमरवर. शिफ्ट बदलली की आपोआप वाजतो. एका सकाळी तो ऐकताना माझ्या डोक्यात आलं की आप्पांना त्या दोरापासून सोडवणं काही अवघड नाही. मंडळीतला एक इलेक्ट्रिशियन आहे, त्याने पेटी बनवून दिली, अँप्लिफायर, टायमर, कर्णा. आवाज इंटरनेटवरून घेतला, कुठल्यातरी परदेशातल्या मोठ्या चर्चचा, अर्धा मिनिट घणघणणारा, गोड, घुमणारा. रविवारी आठाला आपोआप, नवाला आपोआप. मी स्वतः नेऊन बसवली. दानीएलनानांना एवढा आनंद झाला की त्यांनी ती तीनदा वाजवून बघितली. "तीन गावांत ऐकू जाईल!" आप्पा पडवीत उभे होते. मी म्हणालो, "आप्पा, आता तुम्ही मोकळे. येत्या रविवारी वापीला यायचं, माझा उपदेश ऐकायचा." ते कर्ण्याकडे बघत म्हणाले, "बरं हाय. खांदं दुखत्यातच आता." आणि त्यांनी दोर गुंडाळून खिळ्याला अडकवला. मी त्यांच्या तोंडाकडे बघायला हवं होतं. मी घड्याळाकडे बघत होतो, माझी गाडी होती.

शुक्रवारी आप्पा आणि आई वापीला आले. शनिवारी आप्पांनी पांढरा पायजमा-शर्ट स्वतः इस्त्री केला. मला विचारलं, "तुमची घंटा कुटं हाय?" म्हटलं, घंटा नाही, फोनवर मेसेज जातो. "मंग मानसं येत्यात कशी?" मी म्हटलं, येतात. रविवारी आठ वाजता ते गॅलरीत उभे होते, हात पाठीमागे. नंतर त्यांनी दानीएलनानांना फोन लावला. पलीकडचा आवाज मला स्वयंपाकघरापर्यंत आला, "वाजली की! लई मोट्यानं वाजली!" आप्पा म्हणाले, "बरं," आणि फोन खिशात ठेवला.

हॉलमध्ये मी त्यांच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली होती. गीतं झाली तोवर ते आईशेजारी होते. मी शास्त्रपाठ वाचला, डोळे वर केले आणि खुर्ची रिकामी. वाटलं, लघवीला गेले असतील. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आई खाली बघत बसलेली. मला आतून असा संताप आला, इतक्या वर्षांचा, की सांगता येत नाही. मैदानावर मी चिडलो की जास्त आत घुसायचो, इथेही घुसलो. चाळीस मिनिटं बोललो. काय बोललो ते आठवत नाही. आशीर्वाद देऊन मी सगळ्यांच्या आधी जिन्याकडे गेलो.

आप्पा जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले होते. दाराबाहेर पडलेल्या साऱ्या चपला त्यांनी जोडी-जोडीने लावून ठेवल्या होत्या.

"आप्पा, बाहेर काय बसलात? मी तुमच्यासाठी..." मी आतल्या रिकाम्या खुर्चीकडे हात केला.

"आत बसायची सवय न्हाई रं," ते म्हणाले. "घंटावाला पडवीतच बसतो. उशिरा आलेल्याला सांगाया लागतं ना, आत कुटवर आलंय. आन् पोरंबाळं रडाया लागली की आया भाईर येत्यात, त्यांनला पानी."

मी त्या गावात पंधरा वर्षं काढली, दर रविवारी त्या चर्चमध्ये होतो, आणि मला हे माहीत नव्हतं. मी आईबरोबर पुढे बसायचो. मागे वळून बघितलंच नव्हतं. माझे आजोबा, माझे आप्पा, दोघांनी आयुष्यभराचे उपदेश दाराबाहेरून ऐकले होते.

"मग ऐकलंत की नाही?" माझा आवाज चढलाच होता.

"सगळं ऐकलं." आणि खरंच, त्यांनी मला माझा उपदेश सांगितला, क्रमाने, मी विसरलो होतो ते सुद्धा. मग एक चप्पल सरळ करत म्हणाले, "चांगलं बोलतूस. पन दम सोडीत न्हाईस. मानसाला आमेन म्हनाया जागा ठिव."

सुमनमावशी मागून येत होत्या. त्यांनी ऐकलं आणि त्या माझ्याकडे बघून गालात हसल्या.

जीव भांड्यात पडायला हवा होता. ज्यासाठी एवढा आटापिटा केला ते झालं होतं, आप्पांनी मला ऐकलं होतं, आणि नुसतं ऐकलं नव्हतं तर माझी नेमकी चूक काढली होती. पण सोमवारी मी परतीच्या तिकिटाचं विचारलं तर ते म्हणाले, "तिकडं आता मला काय काम हाय? ऱ्हातो की." मुलगी झाली तेव्हासुद्धा जो माणूस शनिवारच्या पुढे राहिला नाही, तो तीन रविवार राहिला. तिन्ही रविवारी जिन्यात बसून चपला लावल्या. मला हवं होतं तेच माझ्या दारात येऊन बसलं होतं आणि मला ते बघवत नव्हतं. दुपारी जेवून ते नुसते बसायचे. उजवा हात मांडीवर, मूठ अर्धी मिटलेली.

मी दानीएलनानांना फोन केला. म्हटलं, पेटी काढा, आप्पांना घंटा वाजवू द्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पास्टर, देवाला दिल्याली वस्तू परत मागायची नसती. तुमीच शिकिवता." शिवाय कमिटीने ठराव केला होता. शिवाय बारसं असल्यासारखं तिचं उद्घाटन झालं होतं आणि पेटीखाली संगमरवरी पाटी लावली होती. पाटीवर माझं नाव, त्याच्या आधी 'सुप्रसिद्ध कबड्डीपटू'. पाळक हा शब्द कुठेच नाही. मी आप्पांना म्हणालो, तुम्ही तरी भांडा. ते म्हणाले, "कुनाशी भांडू? माज्या पोरानंच दिलीया."

आता आप्पा गावी आहेत. आई सांगते की रविवारी पावणेआठला ते अजूनही पडवीत जाऊन बसतात, दोराच्या खाली. कर्णा सुरू झाला की सवयीने उभे राहतात आणि अर्ध्या मिनिटाने बसतात. पलीकडच्या वस्तीवरच्या एकाने त्यांना विचारलं म्हणे, "आप्पा, आता टोलं मोजाया येत न्हाईत, नुसतीच घणघण. कोन वाजवतंय?" आप्पांनी काय उत्तर दिलं ते आईने सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

बाहेर गेलेल्यांनो, आपण घरी वस्तू पाठवतो. फ्रीज पाठवतो, मिक्सर पाठवतो, गरम पाण्याचा बंब पाठवतो आणि म्हणतो, आता तुम्ही मोकळे. कधी कधी त्यांच्या हातातलं शेवटचं कामही आपण सोडवून घेतो आणि वर आपल्या नावाची पाटी लागते. मागे राहिलेल्यांनो, तुम्हीही बोलत नाही. एकदा तोंड उघडून 'नको' म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं? आप्पांवर मी अजून चिडलेलो आहे, लपवत नाही.

एकच आशा आहे. गावात लाईट जाते. फार वेळा नाही, पण जाते, आणि रविवारी सकाळी गेली की पेटी मुकी. मग दानीएलनाना धावत पडवीत येतात, "आप्पा, दोर घ्या!" आप्पा तोवर उठलेलेच असतात. त्या वेळी आई मला फोन लावते आणि फोन पडवीच्या कठड्यावर ठेवून देते. मध्यंतरी दानीएलनानांनी विचारलं, पेटीला बॅटरीचा बॅकअप मिळेल का. मी पाळक आहे, खोटं बोलू नये. मी म्हणालो, त्या पेटीला तसला बॅकअप बसत नाही.

आणि हेही सांगून टाकतो. मी देवाजवळ लोकांच्या नोकऱ्या मागतो, आजाऱ्यांना बरं वाटो म्हणून मागतो, शिफ्टवरची माणसं धड घरी येवोत म्हणून मागतो. आणि रविवारी आठाला पाच कमी असताना, लाज सोडून, आमच्या गावची लाईट जाऊ दे असं मागतो. घर म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर माझ्याजवळ आता एवढंच उत्तर आहे. मला वाटायचं की आप्पांनी मला ऐकावं. ते झालं. आता मी इथे हातात फोन घेऊन त्यांना ऐकायला उभा असतो.

परवाच्या रविवारी लाईट गेली होती. मी झगा घालून गॅलरीत उभा, फोन कानाला. आप्पांचे टोले पूर्वीइतके जोरात नाहीत, पण एकामागून एक नीट येत होते. चौदा झाले. इथे मला दर वेळी ती गाडी वळल्यासारखी वाटते, पण वळत नाही, पंधरावा येतो. सोळा. सतरा. आणि मग काहीच नाही. मी दम धरला, जसा आयुष्यभर धरला तसा. फोनमधून नुसता वारा येत होता आणि लांब कुणीतरी खोकत होतं. आतून शीला म्हणाली, लोक आले असतील, चला. मी हात वर करून तिला थांबवलं.

अठरा. एकोणीस. वीस. बऱ्याच वेळाने एकवीस.

मी श्वास सोडला. कठड्यावरचा फोन कुणी उचलायच्या आत, कुणाला ऐकू जाणार नाही हे माहीत असून, मोठ्याने आमेन म्हणालो.